बाबांचा लॅपटॉप, नाटकांच्या डीव्हीडी आणि लिनक्स : कुठली डिस्ट्रो घालू?

नवखा निगडीकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

बाबांचा लॅपटॉप आहे. सहाव्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, गेल्याच वर्षी एसएसडी टाकून घेतली. चालतो मस्त. पण विंडोज १० चा पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ या मशीनला दारात उभं करत नाही. दुकानदार म्हणाला, नवीन घ्या. बाबा म्हणाले, "चालतोय ना? मग?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

बाबांचा वापर म्हणजे यूट्यूब, बँक, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त मराठीत टाइप करणं, आणि एक कपाट. कपाटात नाटकांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी आहेत, साठ-सत्तर तरी असतील, शिवाय ताईच्या लग्नाच्या तीन. या लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह अजून शाबूत आहे. बाबा तो सोडत नाहीत त्याचं खरं कारण हेच.

रविवारी लिनक्सची एक डिस्ट्रो (म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या या प्रणालीचा एक तयार अवतार) पेनड्राइव्हवरून चालवून बघितली. नाव घेत नाही, इथे लगेच हातघाईवर येतात. दिसायला देखणी. पण ताईने फोनवर काढलेला भाच्याचा व्हिडिओ उघडला तर आवाज येतोय आणि चित्र काळं. नाटकाची डीव्हीडी घातली, ड्राइव्ह घुर्र घुर्र करून गप्प. शोधाशोध केली तर एक जण म्हणतो अमुक पॅकेज टाका, आणि त्याच्याच खाली लिहिलंय की "काही देशांत हे बेकायदेशीर असू शकतं". बाबा मागे उभे राहून वाचत होते. निवृत्त सरकारी माणूस. तो शब्द दिसला आणि विषय संपला.

तर प्रश्न दोन. नवख्याने कुठली डिस्ट्रो घ्यावी? आणि स्वतःच्या पैशाने घेतलेली डीव्हीडी स्वतःच्या लॅपटॉपवर बघण्यात बेकायदेशीर काय आहे?

खडूस काका

मिंट. दुसरा प्रश्न वाचला नाही.

रात्रीचा कंपायलर

आर्च घाला. निवृत्तीनंतर वेळ असतोच.

खडूस काका

वरच्या आयडीला कोणीतरी आवरा.

टर्मिनलवाली

काकांशी सहमत, फक्त कारणं देते.

मिंट उबुंटूवर बेतलेली आहे. सध्याची २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. म्हणजे दर सहा महिन्यांनी बाबांच्या लॅपटॉपवर शस्त्रक्रिया नाही. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. विंडोज ७ वापरलेल्या माणसाला काही शिकवावं लागत नाही. ८ जीबी रॅमला मिंटचा सिनॅमन हा अवतार आरामात चालेल. ४ जीबी असती तर एक्सएफसीई हा हलका अवतार घ्या म्हटलं असतं.

इन्स्टॉल करताना मध्येच एक चौकोन येतो : मल्टिमीडिया कोडेक्स (दाबून लहान केलेला व्हिडिओ-आवाज उलगडणारे प्रोग्रॅम) बसवायचे का? तिथे टिक करा. घाईघाईत "पुढे, पुढे" करत गेलात तर तो चौकोन सुटतो, आणि मग लोक इथे येऊन "लिनक्सवर व्हिडिओ चालत नाही" असा धागा काढतात. सुटलाच तर नंतर मेनूत "कोडेक" शोधा, तिथूनही बसवता येतात. उबुंटूच्या इन्स्टॉलरमध्येही असाच चौकोन असतो, आणि नंतर टाकायचं असेल तर उबुंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज नावाचं पॅकेज आहे. (कमांड देवनागरीत टाइप करू नका. एकाने केली होती.)

मराठी टाइपिंग : कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांखाली मराठीचा इनस्क्रिप्ट आहे, उच्चाराप्रमाणे टाइप होणारा कगप लेआउटही आहे. बाबा आधी काय वापरायचे ते विचारा. युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली इतिवृत्तं असतील तर तो फॉन्ट बसवल्याशिवाय लिब्रेऑफिसमध्ये इंग्रजी अक्षरांची भेळ दिसेल. तो दोष लिनक्सचा नाही, नव्या विंडोजवरही हेच होतं.

नवखा निगडीकर

ताई, आभार. पण तो चौकोनच मला खटकतोय. कायदेशीर असेल तर आधीच आत घालून द्या ना. बेकायदेशीर असेल तर विचारताय कशाला? हे म्हणजे हॉटेलात वेटरने हळूच कानाशी येऊन विचारल्यासारखं झालं.

स्पष्टवक्ता

सरळ आहे. पैसे भरायचे नाहीत म्हणून चौकोन. विंडोजवाले पेटंटचे पैसे भरतात, तुम्ही फुकटे भरत नाही. एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा विंडोज १० ची वाढीव सुरक्षा मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते ती घ्या आणि शांत बसा.

जुना पेंग्विन

स्पष्टवक्ते अर्धं बरोबर बोलताहेत, म्हणून उरलेलं अर्धं सांगतो. लांबण लागेल.

निगडीकर, तुमच्या घरी त्या रविवारी दोन वेगळ्या गोष्टी अडल्या आणि तुम्ही त्यांची एकच मोळी बांधलीत. भाच्याचा व्हिडिओ अडला तो पेटंटमुळे. नाटकाची डीव्हीडी अडली ती कुलपामुळे. कायदे वेगळे, कारणं वेगळी, औषधंही वेगळी. लोक दोन्हींना "कोडेक नाही" म्हणतात आणि तिथून सगळा घोळ सुरू होतो.

आधी पेटंट. व्हिडिओ दाबून लहान करायच्या आणि परत उलगडायच्या युक्त्यांवर शेकडो पेटंटं आहेत, बऱ्याच कंपन्यांची. त्या एकत्र येऊन परवाना विकतात आणि पैसे मोजतात नगावर, म्हणजे किती प्रती वाटल्या त्यावर. आता मिंटची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) मी उतरवली, पेनड्राइव्हवर घालून चार जणांना दिली, त्यांनी पुढे आठ जणांना. प्रती किती झाल्या? कोणालाच माहीत नाही. आणि मोजता आल्या तरी भरणार कोण? शिवाय मुक्त परवान्याची अटच अशी की घेणाऱ्याला तोच हक्क पुढे देता आला पाहिजे. "आमच्यापुरते पैसे भरले, तुमचं तुम्ही बघा" हे त्यात बसत नाही.

नगावर मोजण्याची गंमत बघायची तर रास्पबेरी पाय बघा. एका पाटीवर मावलेला छोटा संगणक. ती पाटी ३५ डॉलरची. तिच्यात एमपीईजी-२ (डीव्हीडीत असतो तो व्हिडिओ) उलगडायची सोय चिपमध्येच होती पण बंद. २०१२ पासून २ पौंड ४० पेन्स भरले की त्या एका पाटीच्या अनुक्रमांकापुरती किल्ली मिळायची. विंडोजवरही एचईव्हीसी या नव्या व्हिडिओ प्रकाराचा विस्तार स्टोअरमधून वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो, आणि विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवायची सोय मूळ प्लेअरमधून काढलेलीच आहे. तेव्हा "विंडोजवाले भरतात" हेही पूर्ण खरं नाही. तेही तुमच्याच खिशाकडे बोट दाखवतात.

मग डिस्ट्रोमध्ये फरक का? प्रकल्पाच्या मागे कोण आहे आणि तो कुठे बसलाय, त्यावर ठरतं. फेडोराच्या मागे रेड हॅट, म्हणजे अमेरिकन कंपनी, खिसा मोठा, दावा लावण्याजोगी. त्यामुळे फेडोरा ताकही फुंकून पिते. एमपी३ चं उदाहरण घ्या. फेडोराने एमपी३ वाजवायची सोय अधिकृतपणे दिली ती २०१६ च्या शेवटी, पेटंटं संपत आल्यावर. एमपी३ चे परवाने विकणाऱ्या फ्राउनहोफर या जर्मन संस्थेचा परवाना कार्यक्रम एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला, त्यानंतर एमपी३ तयार करायची सोयही आली. उलट बाजूने, सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी ग्राफिक्स ड्रायव्हरमधली एच.२६४ आणि एच.२६५ (म्हणजेच एचईव्हीसी) हे व्हिडिओ उलगडायची सोय वकिलांच्या सल्ल्याने काढून टाकली. एएमडीचं ग्राफिक्स वापरणारे चांगलेच भडकले होते. हे सगळं मिळतं आरपीएम फ्यूजन नावाच्या वेगळ्या भांडारातून, जे फेडोराचं नाही. फेडोरा त्याच्याकडे बोट दाखवते, हात लावत नाही.

एच.२६४ साठी एक मजेदार पळवाट आहे. सिस्को या अमेरिकन नेटवर्किंग कंपनीने २०१३ मध्ये जाहीर केलं की आम्ही ओपनएच२६४ हा कोडेक तयार करून आमच्याच सर्व्हरवरून देतो आणि परवान्याचे पैसेही आम्हीच भरतो. कोड सगळ्यांना खुला, पण पैसे भरलेली प्रत तीच, जी सिस्कोच्या घरून आली. तोच कोड घेऊन तुम्ही घरी प्रोग्रॅम तयार (कंपाइल) केलात तर ती प्रत त्या छत्रीखाली नाही. अक्षर न अक्षर सारखं, तरी कायद्याला वेगळं. फायरफॉक्स हीच प्रत उतरवून घेतो.

मिंटचं म्हणाल तर २०१६ च्या १८ व्या आवृत्तीपर्यंत ती कोडेक आत घालूनच यायची, आणि लोकप्रिय झाली त्यात याचा मोठा वाटा होता. मग त्यांनीही ते बाहेर काढून चौकोन ठेवला. म्हणजे निगडीकर, तुमचा वेटर कानाशी कुजबुजत नाहीये. तो म्हणतोय, आमच्या स्वयंपाकघरात हा पदार्थ आम्ही करत नाही, समोरून मागवून देऊ का?

रात्रीचा कंपायलर

वाचनखूण साठवली. एक भर : भाच्याचा व्हिडिओ बहुतेक एचईव्हीसी. हल्लीचे कितीतरी फोन मुळातच त्यात रेकॉर्ड करतात. ताईला फोनच्या कॅमेऱ्यात "जास्त सुसंगत" फॉरमॅट निवडायला सांगा, पुढचे व्हिडिओ एच.२६४ मध्ये येतील. या सगळ्या कटकटीला कंटाळूनच एव्ही१ हा कोडेक काढला २०१८ मध्ये, रॉयल्टी नसलेला. यूट्यूब तो आणि व्हीपी९ वापरतं, म्हणून यूट्यूब कुठल्याही डिस्ट्रोवर पहिल्या दिवसापासून चालतं.

स्पष्टवक्ता

ठीक. पण कुलूप तोडणं ही चोरीच ना? त्यावर पेंग्विन गप्प.

काळा कोट

यावर मी बोलतो. फी घेतलेली नाही, त्यामुळे हा सल्ला नाही, गप्पा समजा.

आधी पेटंटचं उरकतो. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये नुसता संगणक प्रोग्रॅम, गणिती पद्धत आणि अल्गोरिदम हे शोध मानलेले नाहीत. २००४ च्या वटहुकुमाने ते दार किलकिलं केलं होतं, २००५ मध्ये संसदेने परत लावलं. पण "भारतात सॉफ्टवेअर पेटंट नसतंच" हे जे पारावर सांगितलं जातं ते तितकं सरळ नाही. तांत्रिक परिणाम दाखवला तर पेटंट मिळू शकतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात तशी दिशा दिली. आणि आपल्या विषयाच्या अगदी जवळचं म्हणजे डीव्हीडी प्लेअरचं प्रकरण : फिलिप्सने इथल्या प्लेअर बनवणाऱ्यांवर २००९ मध्ये दावे लावले, जुलै २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रॉयल्टी भरायला लावली. तोवर त्या पेटंटची मुदतही संपून गेली होती.

लक्षात घ्या, तिथे प्रतिवादी होते प्लेअर बनवून विकणारे. कायद्यात "वापरणं" हा शब्दही आहे, हे लपवत नाही. पण पेटंटभंग आपल्याकडे दिवाणी मामला आहे. मनाई हुकूम, नुकसानभरपाई. तुरुंग नाही. आणि पेटंटचं आयुष्य अर्ज केल्यापासून वीस वर्षं. डीव्हीडीतला व्हिडिओ एमपीईजी-२, त्याचं शेवटचं अमेरिकन पेटंट फेब्रुवारी २०१८ मध्ये संपलं. डॉल्बीचा एसी-३ आवाज त्याच्याही आधी मोकळा झाला. एच.२६४ चं मानक २००३ चं, त्याची मूळची पेटंटंही आता संपलेली किंवा संपत आलेली.

आता कुलूप. डीव्हीडीवर सीएसएस नावाची ४० बिटांची सांकेतिक मोहोर असते. हा विषय पेटंटचा नाही, कॉपीराइटचा. आपल्या १९५७ च्या कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५-अ घातलं गेलं. ते नीट वाचा, कारण सगळी मेख एका वाक्यांशात आहे : या कायद्याने दिलेल्या हक्कांचं रक्षण करणारं तांत्रिक कुलूप जो कोणी त्या हक्कांचा भंग करण्याच्या इराद्याने तोडेल, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. इरादा नसेल तर हे कलम लागू होत नाही. पुढच्याच पोटकलमात आहे की कायद्याने स्पष्ट मना न केलेल्या हेतूसाठी असं काही करायला आडकाठी नाही. बाजारातून पावती घेऊन आणलेली डीव्हीडी आपल्या दिवाणखान्यात बघणं हे कुठल्या कलमाने मना केलंय? मला सापडलेलं नाही. तीच डीव्हीडी फोडून पन्नास प्रती काढून सोसायटीत वाटल्या तर मात्र इरादा स्वच्छ दिसतो आणि मग मला फोन करू नका.

एक गमतीचा तुकडा. दुसऱ्याला कुलूप उघडायला मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळखीचा तपशील आणि हेतू यांची पूर्ण नोंद ठेवायची, असं तिथे लिहिलंय. म्हणजे निगडीकर, बाबांना ते पॅकेज तुम्ही बसवून देणार असाल तर एक वही घाला. नाव : बाबा. पत्ता : आतली खोली. हेतू : नाटक बघणे.

खडूस काका

वहीला प्रस्तावना मी लिहून देतो.

एडिसनचा अण्णा

न्यू जर्सीतून. काळा कोट यांनी सांगितलं ते तिकडचं. इकडे चित्र उलटं आहे. १९९८ च्या डीएमसीए कायद्यात कुलूप तोडणं हाच मुळात वेगळा अपराध, तुमचा कॉपीराइट मोडायचा इरादा असो वा नसो. दर तीन वर्षांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून काही सवलती जाहीर होतात, शिक्षक, समीक्षक, माहितीपट करणारे वगैरे. लिनक्सवर घरी सिनेमा बघणाऱ्याला त्यांत स्वतंत्र जागा मिळालेली नाही.

तुम्ही वाचलेली ती "काही देशांत" वाली ओळ आमच्यासाठी आहे. तिची मुळं १९९९ मध्ये आहेत. नॉर्वेतल्या योन लेक योहानसेन या १५ वर्षांच्या मुलाने आणखी दोघांबरोबर डीसीएसएस नावाचा प्रोग्रॅम बाहेर काढला, सीएसएस उघडणारा. न्यूयॉर्कच्या न्यायालयात २००० मध्ये एका हॅकर मासिकावर दावा चालला, आणि प्रोग्रॅम ठेवणं तर सोडाच, त्याच्याकडे नेणारी लिंक देण्यालाही मनाई झाली. मग लोकांनी तो कोड टी-शर्टवर छापला, एकाने त्याचे हायकू केले. तिकडे ऑस्लोमध्ये मात्र त्या मुलावर खटला चालला आणि २००३ मध्ये तो सुटला, वर अपिलातही सुटला. स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी बघायला कुलूप उघडलं तर गुन्हा नाही, असं तिथल्या न्यायालयाचं म्हणणं पडलं.

व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर बनवणारी व्हिडिओलॅन संस्था फ्रान्सची, आणि कुलूप उघडणारी लिबडीव्हीडीसीएसएस तिचीच. ती पॅरिसमध्ये आहे म्हणूनच टिकली असं माझं मत.

अवांतर : आईने दादरहून पाठवलेल्या डीव्हीडी इथल्या प्लेअरमध्ये चालत नाहीत ही तक्रार वेगळी. ते रीजन कोडचं झेंगट. भारत ५, अमेरिका १. आपल्याकडच्या पुष्कळ डीव्हीडींवर "ऑल रीजन" असतं, त्या चालतात. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन पाचच वेळा बदलता येतो, नंतर तो तिथेच गोठतो. उगाच खेळत बसू नका.

टर्मिनलवाली

निगडीकर, आता कामाचं.

सगळ्यात आधी लग्नाची डीव्हीडी घाला. व्हिडिओवाल्याने घरी बर्न केलेल्या डिस्कवर सीएसएस नसतं, त्यामुळे कोडेक बसले असतील तर ती चालायलाच हवी. नाही चालली तर दोष ड्राइव्हचा किंवा डिस्कचा, लिनक्सचा किंवा कायद्याचा नाही. व्हीसीडीवरही कुलूप नसतं. त्या आपोआप उघडल्या नाहीत तर आतल्या फोल्डरमधली सगळ्यात मोठी डॅट फाइल व्हीएलसीवर टाका.

लग्न चाललं आणि नाटक नाही चाललं, तर कुलूप. त्यासाठी लिबडीव्हीडी-पीकेजी. हे पॅकेज उबुंटूच्या भांडारात आहे, पण त्यात लिबडीव्हीडीसीएसएस नाही, फक्त तिची पाककृती आहे. ते व्हिडिओलॅनकडून मूळ कोड उतरवतं आणि तुमच्याच मशीनवर तयार करतं. (बघा, पुन्हा तेच : आमच्या स्वयंपाकघरात नाही.) बसवल्यावर डीपीकेजी-रीकॉन्फिगर ही कमांड चालवायला सांगेल, ते विसरू नका. निम्मे लोक तिथेच अडकतात.

नवखा निगडीकर

आणि ओटीटी? आईचं ते असतं संध्याकाळी.

रात्रीचा कंपायलर

ते तिसरंच. ब्राउझरमध्ये वाइडवाइन नावाचं बंद कुलूप असतं, गूगलचं. क्रोममध्ये आतच, फायरफॉक्समध्ये "डीआरएम चालू करू का" असं विचारतो, हो म्हणा. ही किल्ली तुम्हाला रीतसर दिलेली आहे, त्यामुळे कायद्याचा प्रश्नच नाही. पण लिनक्सवर तिची खालची पायरी मिळते, म्हणून काही सेवा चित्र कमी दर्जाचं देतात. मोठ्या टीव्हीला जोडलंत तर जाणवेल, लॅपटॉपच्या पडद्यावर आईला फरक पडणार नाही.

नवखा निगडीकर

अपडेट द्यायला आलो.

शनिवारी मिंट सिनॅमन घातली. चौकोनावर टिक केली, दोनदा तपासली. भाच्याचा व्हिडिओ पहिल्या फटक्यात. लग्नाच्या तीनपैकी दोन डीव्हीडी लगेच लागल्या, तिसरीच्या मागे बुरशीचे पांढरे ठिपके आलेत. ती सीमांतपूजनाची होती, ताईला अजून सांगितलेलं नाही.

नाटक नाहीच लागलं. मग टर्मिनलवाली ताईंनी सांगितल्याप्रमाणे केलं. रीकॉन्फिगर अर्थातच विसरलो, परत येऊन प्रतिसाद वाचला, केलं, डिस्क घातली. ड्राइव्ह आधीसारखाच घुर्र घुर्र, मग काळा पडदा, मग तिसरी घंटा. बाबा खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आवाज वाढव."

काळा कोट यांचा प्रतिसाद त्यांना छापून दिला होता. त्यांनी "इराद्याने" या शब्दाखाली लाल रेघ मारली, कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवलाय. वही खरंच घातली आहे. हेतूच्या रकान्यात त्यांनी स्वतः "करमणूक (घरगुती)" लिहून खाली सही केली.

आता इतिवृत्त छापायचंय आणि प्रिंटर दिसत नाहीये.

खडूस काका

प्रिंटरसाठी वेगळा धागा काढा.